गुडघ्याचा अस्थिसंधिवात : शब्द, विकार आणि उपचार

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या विभागाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. गुडघ्याचा विकार हा वैद्यकाचा विषय. त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या दीर्घकालीन विकारांत रुग्णाचे स्वतःचे वर्तन हाच उपचाराचा मुख्य भाग असतो, त्या विकारांत दुखण्याचे जे नाव रुग्णाच्या मनात रुजलेले असते त्याचा परिणाम उपचारावर होतो. नाव फसवे असेल तर उत्तम वैद्याचा सल्लाही रुग्णाला पटत नाही. गुडघ्याचा अस्थिसंधिवात हे याचे ठळक उदाहरण होय. या विकाराविषयी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांचा मागोवा घेणे, आजच्या वैद्यकीय ज्ञानाशी ते ताडून पाहणे आणि त्या ज्ञानानुसार उपचाराची दिशा कोणती हे स्पष्ट करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. व्यक्तिगत रुग्णास औषधयोजना सांगण्याचा अधिकार अर्थातच त्याच्या डॉक्टरांचा.

१. क्षेत्र

विवेचनासाठी त्र्यंबकेश्वर हे स्थळ डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण गुडघ्याची इतकी विविध परीक्षा घेणारी क्षेत्रे थोडी असतील. गोदावरीचा उगम जेथे मानला जातो त्या ब्रह्मगिरीवर आणि गंगाद्वारी जाण्यास शेकडो पायऱ्या चढाव्या व, गुडघ्याच्या दृष्टीने अधिक कठीण म्हणजे, उतराव्या लागतात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. भर पावसात, चिखलातून, बहुधा अनवाणी अशी ही फेरी होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या पायी येतात, आणि ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरकडे निघते ती तीन आठवड्यांहून अधिक काळ चालत असते. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत असल्याने ही वर्दळ कितीतरी पटींनी वाढणार आहे.

चालणे हा झाला एक भाग. नारायण-नागबलीसारखा तीन दिवसांचा विधी करणारे यजमान आणि तो सांगणारे पुरोहित तासन्‌तास पाटावर मांडी घालून बसतात. तालुक्यातील शेतमजूर स्त्रिया भाताच्या आवणीत चिखलात वाकून दिवस काढतात आणि एरवी डोईवर मोळी घेऊन चढ-उतार करतात. यात्रेकरूचा गुडघा वर्षातून एकदा कसाला लागतो. या स्त्रियांचा रोज. ओझे उचलणे आणि दीर्घकाळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसणे यांचा समावेश असलेल्या व्यवसायांत हा विकार अधिक आढळतो, ही गोष्ट अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आली आहे.

२. ‘वात’ या शब्दाखाली लोपलेले भेद

गुडघ्याला संस्कृतात ‘जानु’ म्हणतात. ग्रीक ‘गोनु’, लॅटिन ‘गेनु’ आणि इंग्रजी ‘नी’ हे त्याचेच सगोत्र होत. मराठीत तो शब्द ‘आजानुबाहू’सारख्या समासात उरला आणि व्यवहारात ‘गुडघा’ आला. अवयवाच्या नावात असा पालट झाला तरी अर्थाची हानी झाली नाही. विकाराच्या नावाचे मात्र तसे नाही.

प्राचीन वैद्यकात सांध्यांच्या दुखण्यांचे भेद काटेकोरपणे केलेले आढळतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, सांध्यात वात शिरल्याची लक्षणे दिली आहेत : वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी स्पर्शाला लागणारी सूज, आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना. हे वर्णन आजच्या अस्थिसंधिवाताशी बरेच जुळते. ज्याची तुलना आज गाउटशी केली जाते तो ‘वातरक्त’ तेथे स्वतंत्र अध्यायाचा विषय आहे. सुश्रुतसंहितेत गुडघ्याच्या एका मोठ्या सुजेला कोल्ह्याच्या डोक्याच्या उपमेवरून ‘क्रोष्टुकशीर्ष’ हे नाव मिळाले. पुढे माधवनिदानात ‘आमवात’ हा वेगळा रोग म्हणून मांडला गेला.

रूढ मराठीत हे सर्व भेद ‘वात’ किंवा ‘संधिवात’ या एका शब्दात विरघळले. या अर्थविस्ताराची किंमत रुग्णाला मोजावी लागते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते; बोटांचे व मनगटांचे सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून पुष्कळ अधिक टिकतो. त्यात मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. उशीर झाला तर झालेली हानी भरून येत नाही. चाळिशीतील स्त्रीची सुजलेली बोटे पाहून घरातील वडीलधारी मंडळी ‘वात आहे, वयाने होतोच’ असे म्हणतात, तेव्हा मोलाचे महिने हातचे जातात. उलटपक्षी, साध्या गुडघेदुखीच्या माणसाला ‘संधिवात’ हा शब्द ऐकून आपण पांगळे होणार अशी धास्ती पडते.

प्रमाणाची कल्पना येण्यास महाराष्ट्रातीलच एक पाहणी उपयोगी आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यातील ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर जाऊन चौकशी केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. अस्थिसंधिवाताचे प्रमाण ६ टक्क्यांच्या जवळपास, तर ऱ्हुमॅटॉइडचे सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे ज्या एका शब्दाने दोन्ही रोग ओळखले जातात, त्यातील एक दुसऱ्याच्या दसपटीहून अधिक आढळतो, आणि दोघांचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

३. ‘झीज’ या शब्दाचा अर्थ

अलीकडच्या काळात ‘वाता’च्या जोडीला दुसरे एक नाव आले, ते म्हणजे ‘झीज’. ‘हाडे झिजली’, ‘गादी घासली’, ‘वंगण संपले’, ‘गॅप कमी झाला’, ‘वाट्या बदलाव्या लागतील’ ही वाक्ये दवाखान्यात आणि दवाखान्याबाहेर सारखीच ऐकू येतात.

‘झिजणे’ या क्रियापदाचे कर्ते पाहावेत : उंबरा, चप्पल, नाणे, सहाण, चंदन. या प्रयोगांतून शब्दाचे तीन अर्थघटक निष्पन्न होतात. पहिला, झिजणारी वस्तू निर्जीव किंवा निष्क्रिय असते. दुसरा, झीज वापराच्या प्रमाणात होते. तिसरा, झिजलेले पुन्हा भरून येत नाही. ‘झीज’ हा शब्द स्वीकारणारा रुग्ण हे तिन्ही घटक नकळत स्वीकारतो आणि त्यांतून तीन निष्कर्ष काढतो : वापर कमी करावा; घर्षण होते तेथे वंगण घालावे; आणि अखेर भाग बदलावा. यंत्राच्या बाबतीत हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. सांध्याच्या बाबतीत ते बहुतांशी चुकीचे आहे.

हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. इंग्रजी भाषकांतही हाडावर हाड घासत असल्याची कल्पना तितकीच प्रबळ आहे. मेलबर्न येथे गुडघा बदलण्याच्या प्रतीक्षायादीवरील रुग्णांच्या मुलाखतींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांना आपला सांधा घासून संपला असून चालण्याने तो अधिकच बिघडेल असे वाटत होते; म्हणून व्यायामासारखे सिद्ध झालेले उपाय त्यांना निरर्थक किंवा धोक्याचे भासत होते.

४. सांध्यात काय घडते

हाडांच्या टोकांवरील कूर्चा ही जिवंत ऊती आहे. तिच्यात पेशी आहेत, आणि त्या कोलॅजन व पाणी धरून ठेवणाऱ्या प्रथिन-शर्करायुक्त द्रव्यांचे जाळे सतत विणतात व उलगडतात. तिला रक्तवाहिन्या नाहीत; तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यास सांध्यावर भार पडणे व सुटणे आवश्यक असते. कुशावर्ताची पायरी पावलांनी झिजते, कारण दगडाला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. कूर्चेचे तसे नाही; तिला माफक व नियमित भार मानवतो. हौसेने धावणारे, बैठे आणि स्पर्धात्मक धावपटू यांची तुलना करणाऱ्या २०१७ च्या एका संकलित अभ्यासात गुडघा व खुबा यांच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण हौशी धावकांत सर्वांत कमी, सुमारे साडेतीन टक्के, होते. बैठ्या लोकांत ते सुमारे दहा टक्के होते. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र ते तेराच्या आसपास गेले. म्हणजे अति भार अपायकारक आहे, परंतु वापराचा अभावही निरुपद्रवी नाही.

आजच्या समजुतीनुसार अस्थिसंधिवात हा एकट्या कूर्चेचा नसून संपूर्ण सांध्याचा विकार आहे. कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, गुडघ्यातील चकत्या, अस्थिबंध आणि मांडीचे स्नायू या सर्वांत बदल होतात; बिघाड आणि दुरुस्ती यांचा तोल बिघाडाच्या बाजूला झुकतो. वय, स्त्रीत्व, आनुवंशिकता, लठ्ठपणा, जुनी दुखापत आणि कष्टाचे काम ही त्याची प्रमुख कारणे. कूर्चेला मज्जातंतू नसल्यामुळे वेदना तिच्यातून उगम पावत नाही. ती हाड, अस्तर व भोवतालच्या ऊतींतून येते. म्हणूनच क्ष-किरणचित्र आणि वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. चित्राची प्रतवारी करण्याची शून्य ते चार अशी पद्धत केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली दिली व ती अद्याप प्रचारात आहे. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत चित्रात स्पष्ट बदल असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच वेदनेची तक्रार केली. ‘गॅप’ हा चित्राचा गुण आहे, माणसाच्या भवितव्याचा निवाडा नव्हे. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तीला हालचालीने दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल, किंवा अर्ध्या तासाहून अधिक टिकत नसेल, तर निदानासाठी चित्राची आवश्यकताही नाही. सांधा लाल-गरम होऊन ताप येणे, गुडघा अडकून बसणे, विश्रांतीतही वाढत जाणारी वेदना असणे, ही लक्षणे मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावीत.

५. तीन निष्कर्ष आणि उपचार

‘वापर कमी करावा.’ हा निष्कर्ष सर्वांत घातक होय. चालणे थांबले की मांडीचे स्नायू बारीक होतात. जो धक्का स्नायूंनी झेलायचा तो सांध्यावर येतो. वजन वाढते, वेदना वाढते आणि चालणे आणखी कमी होते. याउलट, व्यायामाने गुडघ्याची वेदना कमी होते व हालचाल सुधारते हे २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत चोपन्न चाचण्यांच्या आधारे दाखविले गेले. सुधारणा चमत्कारासारखी नसते, पण तिला गोळ्यांचे दुष्परिणाम नाहीत. मांडीचे स्नायू बळकट करणे (पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे), सपाटीवर चालणे, आणि हे आठवड्यातून निदान तीन वेळा, दोन-तीन महिने नेटाने करणे, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. व्यायाम करताना थोडे दुखले व ते दुसऱ्या दिवशीपर्यंत शमले, तर हानी झाली असे समजू नये. गुडघ्यातील कटकट आवाज एवढ्यानेच घाबरण्याचे कारण नाही.

वजनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ च्या एका मोजणीत आढळले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीत, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटविलेल्या स्त्रियांत या विकाराचा संभव निम्म्यावर आला. आहारनियंत्रण व व्यायाम एकत्र केल्यास कोणत्याही एकापेक्षा अधिक लाभ होतो.

यात्रेकरूस यातून काय घेता येईल? फेरीपूर्वी दोन-तीन महिने चालण्याचा सराव करावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी व उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. विधीला बसणाऱ्याने मधूनमधून पाय पसरावेत, आणि जमत नसेल तर पाटाऐवजी उंच आसन मागण्यात संकोच मानू नये. आवणी करणाऱ्या स्त्रीला ‘कष्टाचे काम सोडा’ हा सल्ला मात्र पोटावर पाय देणारा आहे. तिच्यासाठी कामाच्या पाळ्या बदलणे, ओझे लहान करणे, दुखण्याची लवकर दखल घेणे हेच शक्य कोटीतील उपाय. आणि ते तिच्या एकटीच्या हातातले नाहीत.

‘वंगण घालावे.’ या कल्पनेने औषधांची मोठी बाजारपेठ पोसली आहे. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन यांची २००६ सालची मोठी अमेरिकी चाचणी १,५८३ रुग्णांवर झाली. एकंदर रुग्णांत ही द्रव्ये निष्क्रिय गोळीहून विशेष सरस ठरली नाहीत. हायलुरॉनिक आम्लाच्या, म्हणजे शब्दशः ‘वंगणा’च्या, इंजेक्शनांचा लाभ अल्प आहे. रक्तातील बिंबाणूंचे इंजेक्शन २०२१ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. परंतु दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्या रुग्णांत कूर्चा अधिक पातळ झाली व वेदनेत फरक पडला नाही, असे २०१७ साली दिसून आले. वेदनाशामकांत गुडघ्यावर चोळावयाचे डायक्लोफिनॅकसारखे मलम प्रथम वापरावे. त्याच वर्गातील पोटात घेण्याच्या गोळ्या जठर, मूत्रपिंड व हृदय यांना अपाय करू शकतात, म्हणून त्या कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस आणि सल्ल्यानेच घ्याव्यात. दिवसभर चालून घामाने पाणी कमी झालेल्या वारकऱ्याने मूठभर गोळ्यांवर मजल मारणे धोक्याचे आहे. तेलाच्या मर्दनाने स्नायूंना ऊब व आराम मिळतो. तेल सांध्यात मात्र उतरत नाही. आणि ज्या पुडीवर घटकद्रव्ये लिहिलेली नाहीत ती कोणीही दिली तरी घेऊ नये, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणे आपल्या देशात वारंवार सापडली आहेत.

‘भाग बदलावा.’ प्रथम ‘सफाई’विषयी. दुर्बिणीतून गुडघा धुऊन-खरवडून घेण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार प्रचारात होती. ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती केवळ त्वचेला छेद देऊन केलेल्या लटक्या शस्त्रक्रियेहून वरचढ ठरली नाही. सांधारोपणाची गोष्ट निराळी. योग्य रुग्णाला त्याने पुन्हा चालते केले आहे. तथापि ‘वाट्या बदलणे’ हा प्रयोग येथेही दिशाभूल करतो : गुडघ्याची वाटी बदलली जात नाही, तर मांडीच्या व नडगीच्या हाडांचे संधिपृष्ठ काढून तेथे धातू व प्लास्टिक बसविले जाते, वाटीच्या आतल्या बाजूला कधी अस्तर लावतात, कधी नाही. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या २०१५ च्या चाचणीत शस्त्रक्रियेने लाभ अधिक झाला, पण गंभीर उपद्रवही अधिक झाले. आणि केवळ व्यायाम, आहार व मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. म्हणून क्रम असा असावा : शिक्षण, व्यायाम व वजन आधी; औषध त्यांच्या साहाय्याला; आणि हे सर्व करूनही झोप व रोजचे व्यवहार अशक्य झाले तर शस्त्रक्रिया. त्या टप्प्यावर ती टाळणेही तितकेच अयोग्य. भारतात ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर शासनाने मर्यादा घातली आहे, हे रुग्णाच्या नातेवाइकांस माहीत असावे.

६. भाषाभ्यासकाचे काम

उपचाराचा परिणाम मोजण्यासाठी कॅनडात तयार झालेली ‘वोमॅक’ ही चोवीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत मोटारीत चढणे-उतरणे, मोजे घालणे, न्हाणीच्या टबात उतरणे यांविषयी प्रश्न आहेत. त्यांचे शुद्ध मराठी भाषांतर केले तरी त्र्यंबकच्या शेतमजूर स्त्रीचे दुखणे त्यातून कळणार नाही, कारण तिची अडचण उकिडवे बसण्यात, जमिनीवरून उठण्यात आणि मांडी घालण्यात आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने भारतीय बैठकी ध्यानात घेऊन या प्रश्नावलीचे सुधारलेले रूप तयार केले व आपल्या चाचण्यांत वापरले. शब्द तोच ठेवून अर्थ गमावण्यापेक्षा शब्द बदलून अर्थ राखणे श्रेयस्कर, याचे हे उत्तम उदाहरण भाषांतराच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावे.

‘झीज’ या शब्दाला पर्याय कोणता, हा प्रश्न राहतो. परिभाषेतील ‘अस्थिसंधिशोथ’ नेमका असला तरी बोलण्यात रुळण्यासारखा नाही. रुग्णाशी बोलताना एकाच शब्दाऐवजी एक लहान वाक्य वापरावे, असे सुचवावेसे वाटते : ‘सांध्याची दुरुस्ती मंदावली आहे, ती चालण्याने सुधारते.’ यात सांधा जिवंत आहे, वापर हितकारक आहे आणि सुधारणा शक्य आहे, हे तिन्ही घटक ‘झिजण्या’च्या नेमके उलट आहेत. ऱ्हुमॅटॉइडसाठी ‘आमवात’ हा जुना शब्द पुन्हा नेमकेपणाने वापरता आला तर दोन रोगांतील भेदही बोलीत परत येईल.

ही सूचना तपासून पाहण्याजोगी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पौषातील यात्रेत, ग्रामीण दवाखान्यांत आणि आवणीच्या दिवसांत शेतावर जाऊन गुडघ्याच्या दुखण्याचे शब्द त्यांच्या संपूर्ण वाक्यांसह टिपावेत. नुसते शब्द पुरेसे नाहीत. त्या शब्दानंतर बोलणारा काय करतो, म्हणजे चालणे सोडतो, गोळी घेतो की दवाखान्यात जातो, हेही नोंदवावे. असा संग्रह झाल्यास तो विभागाच्या कोशकार्यास उपयोगी पडेलच, पण तालुक्यातील डॉक्टर व आरोग्यसेविका यांच्या हाती तो अधिक उपयोगी पडेल.